लेटरहेड नसलेली उमेदवारी

ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत एकेकाळी उमेदवारी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. आयटीआयमधून बाहेर पडलेला मुलगा रोड नंबर १६ च्या आसपासच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये शिरायचा, पहिले काही महिने लेथखालचा लोखंडाचा कीस झाडायचा, मग भंगारातल्या गजावर हात बसवायचा आणि त्यानंतर कधीतरी त्याला खरा जॉब, म्हणजे गिऱ्हाइकासाठी घडवायचा सुटा भाग, मिळायचा. तो जॉब चेकरच्या टेबलावर जायचा. चेकर गो-नोगो गेज लावायचा. गेजची एक बाजू जॉबमध्ये सरकली पाहिजे आणि दुसरी सरकता कामा नये, एवढीच परीक्षा. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान असेच टर्नर झाले. त्यांना अजूनही त्यांच्या पहिल्या चेकरचं अक्षर आठवतं, कारण नापास झालेल्या प्रत्येक जॉबच्या चिठ्ठीवर त्याने कारण लिहिलेलं असायचं.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, नवी मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या उन्हाळ्यात तिने कळव्याच्या घरी बसून तीन महिने उमेदवारीच केली. बिटकॉइनचे व्यवहार तयार करणाऱ्या एका ओपन सोर्स लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, तिने काम केलं. वॉलेट, म्हणजे बिटकॉइन ठेवायचं-पाठवायचं ॲप, बनवणाऱ्या कुणालाही ही लायब्ररी फुकट उचलून वापरता येते, आणि तिचा कोड जगात कुणालाही वाचता येतो. काम पूर्ण झालं, मानधन मिळालं, तिने लिहिलेला कोड मूळ प्रकल्पात घेतला गेला. महाविद्यालयाने मात्र ही इंटर्नशिप धरली नाही.

फॉर्मवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत पत्ता, जीएसटी क्रमांक, एचआरचा ईमेल असे रकाने होते आणि खाली सही-शिक्क्याची जागा. प्रकल्पाला यातलं काहीच नव्हतं. त्यात 'क्रिप्टो' हा शब्द दिसल्यावर तिला सांगण्यात आलं, की असल्या भानगडी विभागाच्या नावावर नकोत. त्याच आठवड्यात तिच्या वर्गातल्या काही मुलांची प्रमाणपत्रं मान्य झाली. दोन-तीन हजार रुपये भरायचे, चार व्हिडिओ पाहायचे आणि लेटरहेडवर 'यशस्वीरीत्या पूर्ण केली' असं छापून घ्यायचं, हा त्यांचा उन्हाळा. ती मुलं वाईट नाहीत. त्यांना रकाने भरायचे होते आणि रकाने भरून देणारी दुकानं बाजारात आहेत.

माझं म्हणणं असं, की इथे फक्त एका मुलीवर अन्याय झाला एवढ्यावर विषय संपत नाही. शिकण्याचा पुरावा कशाला म्हणायचं हेच आपली महाविद्यालयं विसरत चालली आहेत. ज्या कामाची प्रत्येक ओळ तारीखवार उघडी पडली आहे ते काम संशयास्पद ठरतं आणि ज्या कामाचा शिक्क्यापलीकडे कुठेही माग नाही ते ग्राह्य ठरतं. बँकेत तपासणीचं काम करताना माझ्यासमोर असा कागद आला असता तर मी आधी शिक्कावाल्या फायली उघडल्या असत्या.

बँकेतली माझी ३१ वर्षं मुख्यतः तपासणी विभागात गेली. माझ्याकडे एकही बिटकॉइन नाही, घेण्याचा विचारही नाही, आणि कुणी विचारलं तर निवृत्तीचे पैसे त्यात घालू नका असंच मी सांगते. म्हणूनच या विषयावर लिहायला मी बरी, असं मला वाटतं. नाण्याची किंमत वर जावी यात माझा काही लाभ नाही. मला भाचीच्या कामात रस निर्माण झाला तो वेगळ्या कारणाने. ती जे सांगत होती ते मला ओळखीचं वाटलं.

एका संध्याकाळी तिने मला ते सुट्ट्या पैशांच्या भाषेत समजावलं. बिटकॉइनमध्ये पासबुकासारखा 'शिल्लक' असा एक आकडा नसतो. पाकिटात निरनिराळ्या किमतीच्या नोटा असाव्यात तसे तुकडे असतात. प्रत्येक तुकडा पूर्वीच्या कुठल्यातरी व्यवहारातून आलेला असतो आणि वापरायचा तर अख्खा वापरावा लागतो. ४३० रुपये द्यायचे असतील तर ५०० ची नोट मोडायची, किंवा २०० च्या दोन आणि ५० ची एक द्यायची, उरलेले सुटे परत घ्यायचे. कोणते तुकडे निवडायचे हे ठरवणं हे तिच्या लायब्ररीचं एक काम. यात दोन अडचणी आहेत. व्यवहाराचं शुल्क रकमेवर ठरत नाही, ते व्यवहार किती बाइट जागा घेतो यावर ठरतं, त्यामुळे जास्त तुकडे वापरले की शुल्क वाढतं. आणि परत येणारे सुटे फारच थोडे असतील तर ते पुढे खर्च करायलाच त्यांच्या किमतीहून जास्त शुल्क लागेल. अशा रकमेला त्या जगात धूळ म्हणतात, डस्ट. एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी होतात. पत्ता म्हणजे बिटकॉइन घेणाऱ्याचा खातेक्रमांक समजा; जुन्या पद्धतीच्या पत्त्यासाठी ५४६ सातोशींहून आणि नव्या पद्धतीच्या पत्त्यासाठी २९४ सातोशींहून कमी रक्कम असेल तर नेटवर्कमधले संगणक तो व्यवहार पुढे पाठवतच नाहीत.

आता चूक कुठे होती ती पाहा. समजा शुल्काचा दर बाइटला १० सातोशी आहे. देणं आणि शुल्क वजा जाता ५०० सातोशी उरतात. लायब्ररी म्हणते, ५०० हे २९४ पेक्षा जास्त आहेत, सुटे परत देऊ. पण सुटे परत द्यायचे म्हणजे व्यवहारात एक ओळ वाढते, ती ओळ ३१ बाइट जागा घेते, म्हणजे तिचंच शुल्क ३१० सातोशी. ते वजा झाल्यावर उरतात १९०. धूळ. व्यवहार अडकतो, आणि वापरणाऱ्याला कळतच नाही की पैसे असूनही ते का जात नाहीत. तपासणी आधी आणि वजाबाकी नंतर, एवढाच क्रमाचा घोळ. आमच्याकडे व्याजावर टीडीएस कापण्याआधी किमान शिल्लक तपासली आणि कापल्यानंतर तपासायची राहिली, तर नेमकं असंच व्हायचं.

कोड नुसता वाचून तिला ही चूक दिसली नाही. तिने एक चाचणी लिहिली. ती चाचणी हजारो वेळा आकडे बदलून, दर बदलून, तुकडे बदलून लायब्ररीला व्यवहार करायला लावते आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारते: आत आलेली रक्कम, बाहेर गेलेली रक्कम आणि शुल्क यांचा मेळ बसतो का, आणि परत आलेले सुटे चालण्याजोगे आहेत का? रात्री दीडला एका आकड्यावर चाचणी थांबली. तिने मला दुसऱ्या दिवशी फोन केला, "मावशी, तेरीज जुळली नाही गं." तेरीज म्हणजे खात्यांच्या बेरजांचा ताळा; हा शब्द तिने माझ्याकडूनच उचललेला. लहानपणी मार्चअखेरीला मी उशिरा घरी यायचे तेव्हा हेच कारण सांगायचे.

पुढचे सहा आठवडे तिने काय केलं हे ज्यांना जाणून घ्यायचं आहे त्यांना आजही ते वाचता येईल, आणि माझ्या युक्तिवादाचा कणा तोच आहे. दुरुस्ती १७ ओळींची होती. तिचा पहिला उपाय असा, की शंका आली की सुटे शुल्कातच टाकून द्यायचे. एका अनुभवी माणसाने तो परत पाठवला, कारण शुल्काचा दर कमी असताना त्यात वापरणाऱ्याचे पैसे विनाकारण जात होते. दुसऱ्याने विचारलं, की या चलाला, म्हणजे व्हेरिएबलला, दिलेलं नाव वाचून सहा महिन्यांनी येणाऱ्याला अर्थ कळेल का? तिसऱ्याने तिची चाचणी स्वतःच्या संगणकावर चालवून पाहिली आणि आणखी एक आकडा दिला ज्यावर ती अडखळत होती. शेवटी दोघांनी 'ॲक' लिहिलं. त्या लोकांच्या बोलीत 'ॲक' म्हणजे मी पाहिलं, मला मान्य आहे. त्यापुढे कोडच्या नेमक्या कोणत्या आवृत्तीला मान्यता दिली त्याचा ओळख-क्रमांक लिहायचा असतो, म्हणजे नंतर कोणी एक अक्षर बदललं तरी ती मान्यता लागू होत नाही. मान्य नसेल तर 'नॅक', आणि नॅकला कारण द्यावं लागतं.

बँकेत याला मेकर-चेकर म्हणतात. व्हाउचर लिहिणारा एक, पास करणारा दुसरा. आमच्याकडे हा नियम भिंतीवर लावलेला असायचा आणि गर्दीच्या दिवशी तो पहिल्यांदा मोडायचा. पासवर्ड एकमेकांना सांगितलेले, एकाच माणसाने लिहून पास केलेली व्हाउचरं, उचंत (सस्पेन्स) खात्यात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या रकमा, हे सगळं मी तपासण्यांमध्ये पाहिलं आहे. २० वर्षांच्या मुलीच्या १७ ओळींवर तीन अनोळखी माणसं सहा आठवडे घालवतात, हे पाहून मला तिचं कौतुक वाटलं आणि माझ्या जुन्या खात्याबद्दल थोडं वाईटही वाटलं.

उघडं आहे म्हणून ते निर्दोष आहे, असं मी म्हणत नाही. १५ ऑगस्ट २०१० रोजी बिटकॉइनच्या हिशेबवहीत एका व्यवहाराने १८४ अब्ज बिटकॉइन निर्माण केले. एकूण बिटकॉइन कधीही २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत, हा त्याचा पायाभूत नियम. कारण अगदी साधं: दोन प्रचंड आकड्यांची बेरीज संगणकाच्या ठरावीक जागेत मावली नाही, ती उलटून ऋण झाली आणि तपासणीला वाटलं की सगळं ठीक आहे. काही तासांत दुरुस्ती निघाली आणि ती नोंद बाद झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये आणखी एक चूक सापडली. वेग वाढवण्यासाठी एक तपासणी अनावश्यक समजून काढली होती, आणि त्यामुळे एकच तुकडा एकाच व्यवहारात दोनदा खर्च करण्याची फट २०१७ च्या आवृत्तीपासून उघडी राहिली होती. तज्ज्ञांनी ती पाहिली नव्हती. ती सापडली प्रतिस्पर्धी चलनाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या एका माणसाला. त्याने ती गुपचूप कळवली. फायदा उठवला असता तर किती मोठा घोटाळा झाला असता याची कल्पना करा. आणि मार्च २०२४ मध्ये लिनक्स या संगणकप्रणालीतल्या, फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या छोट्या साधनात दोनेक वर्षं विश्वास कमावून बसलेल्या एका टोपणनावाच्या माणसाने चोरदरवाजा घातल्याचं उघड झालं, तेही अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याची चुटपुट लागली म्हणून.

या तिन्ही घटनांतून मी एकच गोष्ट घेते. उघडी वही आपोआप बरोबर होत नाही, ती कुणीतरी वाचावी लागते. वाचणारे कमी आहेत. जगभर पैशाचं सॉफ्टवेअर वापरणारे कोट्यवधी आणि ते ओळ-ओळ वाचणारे मूठभर, अशी स्थिती आहे, आणि आपल्या ठाण्या-नवी मुंबईतली मुलं त्या मुठीत जाऊन बसत असतील तर आपण त्यांना फॉर्मच्या रकान्यावरून परत आणतो आहोत.

बंद वहीचं काय होतं हे आपल्या पट्ट्याला वेगळं सांगायला नको. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि पहिल्या आदेशात खातेदाराला सहा महिन्यांत १,००० रुपयेच काढता येतील असं सांगितलं. भांडुप-मुलुंडला शाखांसमोर उभ्या राहिलेल्या वृद्धांच्या रांगा मी विसरलेले नाही. एका बांधकाम समूहाची थकलेली कर्जं लपवण्यासाठी २१ हजारांवर बनावट खाती दाखवली गेली, असं पोलिसांकडच्या तक्रारीत होतं. त्या बँकेत शिक्के होते, लेटरहेड होतं, ऑडिटरच्या सह्याही होत्या.

यावर माझे मेहुणे जे म्हणाले ते बहुतेक पालक म्हणतील. "ताई, तुम्ही बँकेतल्या, तुम्हीच तिला सांगायचं, की या नादाला लागू नको." त्यांची भीती खोटी नाही. त्यांच्या जुन्या शॉपमधल्या एका सहकाऱ्याने कुठल्याशा 'कॉइन'मध्ये ग्रॅच्युइटीतले पैसे घातले. महिन्याला ठरावीक परतावा आणि नवे सभासद आणले की कमिशन, अशी ती योजना होती. पैसे गेले. मुंबईतून चालणाऱ्या वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजमधून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली आणि सामान्य ग्राहकांचे पैसे अडकून पडले, हेही त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. तेव्हा 'क्रिप्टो' म्हणजे फसवणूक, हे समीकरण त्यांच्या डोक्यात कुणी बाहेरून घातलेलं नाही, अनुभवाने बसलेलं आहे.

पण नाणं विकणं, नाणं सांभाळणं आणि नाण्याचा हिशेब चालवणारं सॉफ्टवेअर तपासणं ही तीन वेगळी कामं आहेत. पहिल्यात लोकांना गळ घालावी लागते. दुसऱ्यात लोकांचे पैसे तुमच्या हातात असतात. तिसऱ्यात यातलं काहीच नसतं. असते फक्त जुळणारी किंवा न जुळणारी तेरीज. मेहुण्यांना मी त्यांच्याच भाषेत विचारलं, की लेथवर केलेल्या शाफ्टचं पुढे कोण काय करतो यावरून तुमचं टर्नर म्हणून कसब कमी होतं का? ते लगेच पटले असं नाही. "शाफ्ट कुणाच्या मशीनमध्ये जातो ते आम्हाला माहीत असायचं," म्हणाले. हा मुद्दा बिनतोड आहे आणि मी त्याकडे पुन्हा येणार आहे.

कायद्याचं आधी सांगते, कारण 'बेकायदा आहे ना हे?' हा प्रश्न स्टाफरूममध्येही विचारला गेला. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांना सेवा द्यायला मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केलं. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस आहे, आणि मार्च २०२३ पासून एक्स्चेंजसारख्या सेवा मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या. बिटकॉइन हे आपलं वैध चलन नाही, दुकानदाराने ते घ्यावं अशी सक्ती कुणी करू शकत नाही. पण ज्याच्यावर सरकार कर घेतं त्याचं सॉफ्टवेअर वाचणं-लिहिणं हा गुन्हा कसा होईल? आणि ज्या मुंबई विद्यापीठाने अभियांत्रिकीच्या २०१९ च्या सुधारित अभ्यासक्रमात ब्लॉकचेन हा ऑनर्सचा विषय म्हणून ठेवला, त्याच्याच महाविद्यालयात त्या विषयाची पुस्तकी परीक्षा चालते आणि हाताने केलेलं काम चालत नाही, हे मला समजत नाही.

आता मेहुण्यांचा मुद्दा. शाफ्ट कुणाच्या मशीनमध्ये जातो हे विचारायलाच हवं. टोर्नेडो कॅश हे व्यवहारांचा माग पुसणारं ओपन सोर्स साधन होतं. ते लिहिणाऱ्यांपैकी एक, अलेक्सी पेर्तसेव्ह, याला नेदरलँड्सच्या न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी मनी लाँडरिंगबद्दल पाच वर्षं चार महिन्यांची शिक्षा सुनावली. कोड लिहिणाऱ्याला गुन्हेगार धरावं का, यावर जगभर वाद आहे. मला स्वतःला ती शिक्षा अस्वस्थ करते, पण विद्यार्थ्याच्या उमेदवारीच्या बाबतीत मी सावध बाजूलाच उभी राहीन. माग पुसणं हाच ज्याचा हेतू आहे अशा प्रकल्पावर तिसऱ्या वर्षाच्या मुलाने काम करू नये. चाचण्या, दस्तऐवज, वॉलेटची सुरक्षितता, शुल्काचा हिशेब, अपंगांना वापरता येतील असे स्क्रीन, एवढं विपुल काम पडलेलं असताना तिकडे जायची गरजही नाही.

दुसरा धोका मला जास्त भेडसावतो, कारण तो आपल्या मुलांच्या दारापर्यंत आला आहे. क्रिप्टो क्षेत्रात नोकरी शोधणाऱ्या प्रोग्रामरना बनावट मुलाखतीला बोलवायचं, 'ही छोटी परीक्षा आहे, हा कोड तुमच्या मशीनवर चालवा' म्हणायचं आणि त्या कोडमधून पासवर्ड आणि वॉलेटच्या गुप्त किल्ल्या चोरायच्या, हा उद्योग उत्तर कोरियाशी संबंधित हॅकर टोळ्या गेली काही वर्षं पद्धतशीर करत आहेत. घरी एकट्या बसलेल्या विद्यार्थ्याला खरा मार्गदर्शक आणि असा माणूस यांतला फरक कळेलच असं नाही. इथे महाविद्यालयाची खरी गरज आहे. पण महाविद्यालयाने दार लावून घेतलं की मूल एकटं पडतं, आणि एकटं पडलेलं मूल हेच त्यांचं सावज.

तिसरी गोष्ट पैशाची. भाचीला मानधन बिटकॉइनमध्ये मिळालं, दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता मिळाल्यापासून तो विकेपर्यंतच्या अकरा दिवसांत त्याची रुपयातली किंमत खाली आली. फार नाही, पण तिला पहिल्यांदाच कळलं की कमाई आणि सट्टा यांच्यात किती पातळ भिंत असते. मी तिला एक वही करून दिली: तारीख, मिळालेले सातोशी, त्या दिवसाचा रुपयातला भाव, विकल्याची तारीख, कापलेला टीडीएस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही हे आमच्या सीएने समजावलं तेव्हा तिने विचारलं, की मग लोक हे जवळ का ठेवतात? मी म्हटलं, ते तू त्यांना विचार. माझं मत स्पष्ट आहे: विद्यार्थ्यांना मानधन रुपयांत, बँक खात्यात मिळावं, आणि ते शक्य नसेल तर मिळाल्यावर लगेच विकून नोंद करावी. शिकायला गेलेल्या मुलीच्या हाती नकळत गुंतवणूक देणं योग्य नाही, मग देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

एवढे धोके मान्य करूनही मी नाही म्हणायच्या बाजूला जात नाही. ऐरोली-महापे पट्ट्यात राहणाऱ्यांनी आजूबाजूला पाहावं. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेच्या काही जुन्या कारखान्यांच्या जागी आता खिडक्या नसलेल्या डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. देशातला केवढा तरी व्यवहार या भिंतींच्या आत चालतो. त्यांना वीज, पाणी, पहारा आपण देतो. आत जे सॉफ्टवेअर धावतं ते लिहिण्या-तपासण्याचं कसब आपल्या मुलांकडे यावं असं वाटत असेल तर ते वर्गात फळ्यावर येणार नाही. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून सामान्यांसाठी डिजिटल रुपयाची चाचणी सुरू केली. यूपीआय २०१६ पासून आहे. ०.१ आणि ०.२ ची बेरीज संगणकाने केली की ०.३०००००००००००००००४ येते, म्हणून पैशाचा हिशेब कधीही दशांशात ठेवायचा नाही, सर्वांत लहान एककाच्या पूर्णांकात ठेवायचा, हा धडा बिटकॉइनच्या कोडात जेवढा खरा तेवढाच पतपेढीच्या सॉफ्टवेअरमध्येही खरा. भाचीने तो एकदा हाताने शिकलाय. तो ती कुठेही घेऊन जाईल.

गूगलने विद्यार्थ्यांसाठी 'समर ऑफ कोड' २००५ मध्ये सुरू केला. त्याच धर्तीवर बिटकॉइनच्या ओपन सोर्स प्रकल्पांसाठी 'समर ऑफ बिटकॉइन' २०२१ पासून चालतो. म्हणजे हा प्रकार काल उगवलेला नाही आणि महाविद्यालयांना तो पारखायला पुरेसा अवधी मिळाला आहे. पारखायचा कसा, हे अवघड नाही. ज्याच्याकडे कंपनी नाही त्याच्यासाठी फॉर्मवर वेगळा भाग करा. त्यात प्रकल्पाचा परवाना, कोडचा पत्ता, विद्यार्थ्याने केलेल्या बदलांची यादी आणि त्यावर झालेली चर्चा मागवा. विभागातल्या एका शिक्षकाला सुरुवातीलाच गाईड म्हणून नेमा; त्याने प्रकल्प काय करतो हे काम सुरू होण्याआधी वाचावं, प्रकल्पातल्या मार्गदर्शकाशी एकदा व्हिडिओवर बोलावं, आणि नाणी विकायला, कुणाला सभासद करायला किंवा स्वतःचे पैसे घालायला सांगितलं जात असेल तर तिथेच थांबवावं. शेवटी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, घ्या. यादीतला कुठलाही बदल उघडून विचारा, ही ओळ का लिहिलीस, तुझा पहिला उपाय का नाकारला गेला? ज्याने काम केलं नसेल तो पाच मिनिटं टिकणार नाही. हाच व्हायवा शिक्कावाल्या प्रमाणपत्रांसाठीही लावा, अशीही माझी मागणी आहे, आणि ती कुणाला रुचणार नाही हे मला माहीत आहे.

शिक्षक म्हणतील, आम्हाला वेळ कुठे आहे? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. विभागात जागा रिकाम्या, तासांना तासिका तत्त्वावरची माणसं, वर मूल्यांकनाच्या फायली. एका प्राध्यापिकेने मला खासगीत सांगितलं, की मुलीचं काम चांगलं आहे हे त्यांना दिसत होतं, पण तपासणी समिती आली तर फायलीत शिक्का लागतो. म्हणजे शिक्षकालाही चेकरची भीती आहे, आणि तो चेकर जॉबला गेज न लावता चिठ्ठीचा रंग पाहतो. तेव्हा ही दुरुस्ती एका विभागाची नाही, विद्यापीठाने आणि एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने लेखी कळवावं लागेल, की ओपन सोर्स प्रकल्पातलं उघड काम हे इंटर्नशिपचा पुरावा म्हणून चालेल.

तोवर आम्ही अर्ज करतोय. गेल्या शनिवारी भाची आणि मी ठाणे स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो आणि तिच्या १७ ओळींवरची अख्खी चर्चा छापून घेतली, ३८ पानं झाली. ती पिन मारून विभागप्रमुखांच्या नावाने सोमवारी द्यायची आहेत. रात्री मेहुण्यांनी चष्मा लावून ती पानं चाळली. इंग्रजी त्यांना फारसं वाचता येत नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "यात चेकरची सही कुठे असते?" तिने एकतिसावं पान काढलं आणि 'ॲक' आणि त्यापुढच्या लांबलचक क्रमांकावर बोट ठेवलं. त्यांनी तो क्रमांक पहिल्यापासून शेवटपर्यंत हळूहळू वाचला, मग मागे जाऊन नापास झालेल्या पानावरचं कारण तिला वाचून दाखवायला सांगितलं.